तालिकोटची लढाई: फितुरी की तोफखाना?

तालिकोट कृष्णेच्या उत्तरेला. तिथे शाह्यांचा, म्हणजे दख्खनच्या सुलतानांचा, फक्त तळ पडला होता. 23 जानेवारी 1565 ची त्यांची विजयनगरशी लढाई नदी ओलांडून दक्षिणेला झाली. विजयनगरचे सैन्य मोठे होते आणि नदीचे उतार, म्हणजे ओलांडण्याजोग्या उथळ जागा, त्यांच्याच ताब्यात होते. तरी निकाल उलटा लागला.

त्याआधीची वीस वर्षे विजयनगरने एका शाहीला हाताशी धरून दुसरीला बडवले. 1558 नंतर विजापूरच्या बाजूने त्यांची फौज थेट अहमदनगरपर्यंत आली. त्या धसक्यानेच नगर आणि विजापूर एकत्र आले. नगरची राजकन्या विजापूरला दिली, सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला आणि विजापूरची मुलगी नगरला आली. गोवळकोंडा, बिदर सामील झाले. वऱ्हाड बाहेर राहिले.

शाह्यांनी पहिली बाजी नदीवर मारली. समोरच्या काठावर मोर्चे आणि तोफा होत्या, तिथे उतरणे म्हणजे कत्तल. शाह्यांची फौज दुसरा उतार शोधत असल्याचे भासवून तीन दिवस काठाकाठाने चालत राहिली. पलीकडची फौज मोर्चे सोडून समांतर सरकली. मग रातोरात मागे वळून शाह्यांनी मोकळ्या पडलेल्या मूळ उतारावरूनच नदी ओलांडली.

पराभवाचे खापर मात्र फितुरीवर फुटते. 1567 मध्ये विजयनगरात राहिलेला व्हेनिसचा एक व्यापारी लिहितो की विजयनगरचेच दोन मुसलमान सरदार ऐन वेळी उलटले, प्रत्येकाच्या हाताखाली सत्तर-ऐंशी हजार माणसे होती, आणि लढाई चार तासही टिकली नाही. पुढे विजापूर दरबारी लिहिलेला फारसी इतिहास यावर गप्प आहे. अर्थात, विजेत्यांकडून फितुरीची कबुली कोण अपेक्षील? पण व्यापाऱ्याचा आकडाही बाजारगप्पांतलाच वाटतो. फितुरी झालीच नाही असे म्हणवत नाही. तेवढ्याने निकाल उलगडत नाही, हे नक्की.

फारसी वर्णनाप्रमाणे शाह्यांच्या दोन्ही बगला मागे रेटल्या गेल्या होत्या. तगला तो नगरचा मधला भाग. तिथे 600 तोफा तीन रांगांत: पुढे जड, मागे मध्यम, शेवटी जंबुरके, म्हणजे फिरत्या हलक्या तोफा. समोर 2,000 तिरंदाजांचा पडदा. शत्रू टप्प्यात येताच तिरंदाज मागे सरले आणि बत्ती दिली. दुसऱ्या हल्ल्याला गोळ्यांऐवजी तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासल्या. जवळून गोळा एका रेषेतली माणसे पाडतो, नाणी फाकतात आणि अख्खी फळी कापतात. लगेच तोफांमधल्या फटींतून विजापूरचे 5,000 स्वार सुटले. विजयनगरचा सर्वेसर्वा, वयोवृद्ध रामराया पकडला गेला, नगरच्या निजामशहासमोर त्याचे शिर कापले गेले आणि ते भाल्यावर दिसताच फौज पांगली. सगळी कमान एका माणसाच्या हाती असल्याचा हा परिणाम.

नगरला 1549 मध्ये ओतलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ इथे डागल्याचे सांगतात. 55 टनांचे ते धूड नदी उतरून रणात फिरवले असेल, हे पटत नाही.

विजयनगरच्या राजधानीची लूट अनेक महिने चालली. रायचूर-मुद्गल विजापूरला मिळाले, नगरचा निजामशहा त्याच वर्षी वारला आणि शाह्या पुन्हा आपसात भांडू लागल्या.