दहावीच्या भूगोलाचे 40 गुण: पार्श्वभूमी

राज्य मंडळाच्या दहावीत भूगोल हा पूर्ण विषय नाही. तो सामाजिक शास्त्रांचा ‘पेपर दुसरा’: 40 गुण, दोन तास. इतिहास-राज्यशास्त्राचे 40 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20 मिळवले की शंभर भरतात.

मंडळ स्थापन झालं 1966 साली. तेव्हा शालान्त परीक्षा अकरावीला होती, ती 1975 पासून दहावीला आली. शाळेतल्या भूगोलाची चाल मात्र वर्षानुवर्षं एकच राहिली. तिसरीत आपला जिल्हा, चौथीत महाराष्ट्र, असं वर्तुळ मोठं करत जायचं. दहावीत भारत, आणि जोडीला अर्थशास्त्राचा वेगळा विभाग. हिमालय, उत्तरेचं मैदान, पठार, किनारा, बेटं असे प्राकृतिक विभाग पाठ केले की बराचसा पेपर हाताशी यायचा.

2018 मध्ये बालभारतीचं नवं पुस्तक आलं आणि ही चाल मोडली. आता भारत आणि ब्राझील शेजारी-शेजारी शिकवतात. स्थान, प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, वस्ती, अर्थव्यवस्था, पर्यटन, सगळं तुलनेतून. अर्थशास्त्राचा वेगळा विभाग दहावीतून गेला आणि जे हवं होतं ते भूगोलाच्याच पोटात आलं. ‘ब्राझीलच कशाला?’ असं पालकांनी तेव्हा विचारलं, पण माझ्या मते निवड चांगली होती. दोन्ही देश मोठे, दोन्ही विकसनशील, पण ब्राझीलचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात, त्यामुळे जानेवारीत तिकडे उन्हाळा. आपल्याकडे एकच प्रमाणवेळ, तिकडे एकाहून अधिक. गंगेच्या मैदानात माणसांची दाटी, ॲमेझॉनच्या खोऱ्यात मैलोन्‌मैल वस्ती नाही. हे ‘का’ असं विचारलं की पाठांतर अपुरं पडतं.

प्रश्नपत्रिकाही तशीच बेतलेली आहे. पहिले तीन प्रश्न वस्तुनिष्ठ आणि एका वाक्यातले, मिळून 12 गुणांचे. मग नकाशाचे 8: काही गुण नकाशाच्या कोऱ्या आराखड्यात माहिती भरण्याचे, काही छापील नकाशा वाचून उत्तरं देण्याचे. भौगोलिक कारणांना 6, आकडेवारीवरून आलेख काढणं किंवा दिलेला आलेख वाचणं याला 6, आणि सविस्तर उत्तरांना 8. पश्चिमवाहिनी नद्यांच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश का नाहीत, हे कारण मुलांना झोपेतही सांगता येतं. आराखड्यात चिन्हांची सूची करायला मात्र हुशार मुलंही विसरतात आणि हातचे गुण घालवतात. पुस्तकाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. पेपरात तो ‘कारखान्याला भेट देण्यासाठी प्रश्नावली तयार करा’ अशा प्रश्नातून येतो. कारखाना न पाहताही हे उत्तर उत्तम लिहिता येतं, ही यातली गंमत.

अंतर्गत मूल्यमापनाच्या त्या 20 गुणांचा इतिहास जास्त वादाचा. नव्या अभ्यासक्रमासोबत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले. शाळा ते सढळ हाताने वाटतात, असा आक्षेप होता, आणि तो खोटा नव्हता. मार्च 2019 च्या परीक्षेत राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर घसरला. सीबीएसई, आयसीएसईच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, मग अकरावीच्या प्रवेशात आमच्या मुलांनी मागे का राहायचं, अशी ओरड झाली. काही महिन्यांतच ते गुण परत आले.

लगेच पुढच्या वर्षी भूगोलावरच संक्रांत आली. वेळापत्रकात तो शेवटी, 23 मार्च 2020 ला होता. कोरोनामुळे पेपर आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच केला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले. म्हणजे त्या वर्षीच्या गुणपत्रिकेतले भूगोलाचे लेखी गुण भूगोल न तपासताच पडले आहेत. 2021 मध्ये तर लेखी परीक्षाच झाली नाही आणि निकाल 99.95 टक्के लागला. 2022 मध्ये कमी केलेल्या अभ्यासक्रमावर मुलांनी पुन्हा भूगोलाचा पेपर लिहिला, आराखडा उत्तरपत्रिकेला जोडून.