इंजिन 'स्लो'ला टिकायला कसं शिकलं

जुनी स्कूटर गॅरेजला नेली की मेकॅनिक कार्ब्युरेटरवरचा (पेट्रोल आणि हवेचं मिश्रण बनवणाऱ्या भागावरचा) छोटा स्क्रू जरासा फिरवतो, कान देऊन ऐकतो आणि म्हणतो, "आता स्लोला बंद पडणार नाही." सिग्नलला गाडीने संथ धडधडत उभं राहावं, ही अपेक्षा मोटारीच्या जन्मवेळी कुणाची नव्हती. तेव्हा धडपड उलट दिशेने चालली होती.

जर्मन संशोधक निकोलस ओटोचं १८७६ चं चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला साधारण १८० फेरे घेई. कारखान्यात एका जागी बसवायला ते ठीक, पण गाडीवर लादण्याच्या मानाने फारच जड. हलक्या इंजिनातून ताकद काढायची तर फेरे वाढवायला हवे होते. ओटोच्या डॉइट्झच्या कारखान्यातून बाहेर पडलेले गोटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख जर्मनीतल्या कान्स्टाट गावी बागेतल्या शेडमध्ये गुपचूप काम करू लागले. (इतकं गुपचूप, की इथे खोटी नाणी पाडतात अशा संशयाने पोलीस आले, असं सांगतात.) त्यांचं इंजिन ६०० फेऱ्यांवर गेलं. वेग मिळाला, पण ते इंजिन ठरलेल्या वेगाच्या आसपासच नीट चाले. फेरे फार वाढले की गव्हर्नर (वेग आवरणारी यंत्रणा) एक्झॉस्ट वाल्व, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप, उघडूच देत नसे, म्हणजे ताजं मिश्रण आत येत नसे आणि स्फोट चुकत. खाली यायची सोय मात्र नव्हती.

कारण मुख्यतः प्रज्वलनात होतं. सिलिंडरला जोडलेली एक नळी बाहेरून बर्नरने लाल ठेवलेली असे. पिस्टन वर येताना मिश्रण तिच्यात दाबलं जाई आणि पेटे. ठिणगी नाही, म्हणून टायमिंगही हातात नाही. इंजिन मंदावलं की मिश्रणाला पेटायला जास्त वेळ मिळे, पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच स्फोट होई आणि इंजिन उलटा झटका देई. त्याच काळात मोटार बनवणाऱ्या कार्ल बेन्झने विजेची ठिणगी वापरली होती, पण इंधनाचं दुखणं त्यालाही होतंच. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ मिळवायची, तर टाकीतली पातळी, हवामान आणि रस्त्यातले धक्के यांनी मिश्रण बदलत राही.

१८९३ मध्ये मायबाखने बारीक तोंडाच्या जेटमधून पेट्रोल फवारणारा कार्ब्युरेटर आणला. मिश्रण सुधारलं, तरी ते मिश्रण आत घेणारा इनलेट वाल्व अजून पिस्टनच्या शोषणानेच उघडे, आणि मंद गतीत ते शोषणच दुबळं.

हे सगळं एकदम सुटलं ते डाइमलरच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेकच्या मागणीवरून मायबाखने घडवलेल्या पहिल्या मर्सिडीजमध्ये. डिसेंबर १९०० मध्ये ती त्याच्या हाती पडली, तोवर डाइमलर हयात नव्हता. ३५ अश्वशक्ती, चार सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, मॅग्नेटोची (इंजिननेच फिरणाऱ्या छोट्या वीजयंत्राची) ठिणगी, आणि इनलेट वाल्व शोषणाऐवजी कॅमशाफ्टने, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या उंचवट्यांच्या दांड्याने, उघडणारे. चालक एका दांड्याने इंजिन ३०० ते १००० फेऱ्यांच्या दरम्यान हवं तिथे ठेवू शकत होता. या गाडीच्या अश्वशक्तीचं कौतुक फार होतं. मला मात्र तो खालचा, मंद चालण्याचा ३०० चा आकडा जास्त मोलाचा वाटतो.

एक अडचण मागे उरलीच. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ मिटला की मुख्य जेटपाशी हवा इतकी हळू वाहते की पेट्रोल वर खेचलंच जात नाही. पुढच्या कार्ब्युरेटरांनी त्यासाठी थ्रॉटलच्या कडेशी, जिथे तेव्हाही ओढ जोरदार असते, तिथे निघणारी वेगळी बारीक वाट दिली. गॅरेजवाले तिच्या जेटला आजही 'स्लो जेट' म्हणतात.