ग्राफिक्स ड्रायव्हरमधील पत्ता-रूपांतर

संगणकाचा मुख्य प्रोसेसर (सीपीयू) आणि ग्राफिक्स प्रोसेसर (जीपीयू) स्मृतीतील एकाच जागेला निरनिराळ्या क्रमांकांनी ओळखतात. या क्रमांकांचा मेळ घालण्याचे ग्राफिक्स ड्रायव्हरचे (जीपीयू चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) काम म्हणजे पत्ता-रूपांतर. एकाच बफरला (माहितीसाठी राखलेल्या स्मृतीच्या तुकड्याला) प्रोग्रॅमपुरता आभासी पत्ता, रॅममधला भौतिक पत्ता, बसवरचा (उपकरणांना जोडणाऱ्या मार्गावरचा) पत्ता आणि जीपीयूच्या तक्त्यातला पत्ता असे चार पत्ते असू शकतात. नुसता आकडा म्हणजे पत्ता नव्हे. तो कोणाच्या हिशेबातला, हे आधी विचारावे लागते.

कोकणपट्टीतील वाचकाला ही रचना जमिनीच्या दप्तरावरून चटकन उमगेल. एका खातेदाराचे भाताचे कुणगे खाडीलगत, वरकस डोंगरावर आणि हापूसची कलमे तिसऱ्याच सर्व्हे नंबरात असतात. हिस्से विखुरलेले, पण गाव नमुना आठ-अ वर ते एकाखाली एक, सलग. स्मृतीचे ठरावीक मापाचे तुकडे म्हणजे पाने; कोणते पान कुठे आहे हे नोंदवणारा जीपीयूचा पानतक्ता हेच करतो. मालवण किनाऱ्याचे ८१९२ × ८१९२ बिंदूंचे उपग्रहचित्र घेतले आणि बिंदूला ४ बाइट धरले, तर ते २५६ एमबीचे होते. ४ केबीच्या मापाने ही ६५,५३६ पाने रॅममध्ये कुठेही पडलेली असोत, जीपीयूला ती सलग दिसतात. प्रत्येक नोंदीला ८ बाइट धरल्यास त्यासाठी लागणारा तक्ता अवघा ५१२ केबीचा. सीपीयूला जीपीयूच्या स्मृतीत डोकावण्यासाठी मिळणारी खिडकी (पीसीआय बार) बराच काळ सामान्यतः २५६ एमबीचीच असे. हे एकच चित्र ती पुरती भरून टाकी.

या कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. इंटेलने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एजीपी (ग्राफिक्स कार्ड जोडण्याची पद्धत) विनिर्देशातील ‘गार्ट’ या पत्ता-रूपांतराच्या तक्त्यापासून सुरुवात मानण्याचा प्रघात आहे. वैयक्तिक संगणकापुरते ते खरे आहे. मात्र डीईसी या संगणक-कंपनीच्या पीडीपी-११/७० (सुमारे १९७५) या यंत्रातील ‘युनिबस मॅप’ १८ बिटांचा बसपत्ता २२ बिटांच्या स्मृतिपत्त्यात बदलत असे, आणि सन मायक्रोसिस्टम्सच्या १९८० च्या दशकातील वर्कस्टेशनांत उपकरणांना आभासी पत्ते देणारी ‘डीव्हीएमए’ पद्धत होती. ही साधने मुख्यतः डिस्क, नेटवर्क यांसारख्या उपकरणांसाठी वापरली जात, म्हणून त्यांना पूर्वज मानू नये, असा एक आक्षेप घेता येतो. तरीही तत्त्व तेच असल्याने गार्टला उगम न म्हणता जुन्या तंत्राचे ग्राफिक्समधील रूप म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

गार्टचा तक्ता सर्व प्रोग्रॅमना सामाईक होता. त्यामुळे बफर हलला की जीपीयूसाठीच्या आदेशमालिकेत आधीच लिहिलेले पत्ते चुकीचे ठरत. लिनक्सच्या २.६.२८ आवृत्तीत (डिसेंबर २००८) आलेल्या ‘जेम’ व्यवस्थेत प्रोग्रॅम अंदाजी पत्ता लिही आणि तो कुठे लिहिला आहे याची यादी सोबत देई. आदेश जीपीयूकडे जाण्यापूर्वी कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) ती यादी पाहून पत्ते दुरुस्त करी. बफर जागचा हलला नसेल तर दुरुस्ती टळे. विंडोज व्हिस्टामध्येही अशीच दुरुस्ती-यादी होती. पुढे प्रत्येक प्रक्रियेला (चालू प्रोग्रॅमला) स्वतंत्र पानतक्ता मिळू लागला आणि या खटाटोपाची गरज ओसरली. विंडोजमध्ये हा बदल २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आला.

जीपीयू अलीकडे वापरलेल्या नोंदी टीएलबी या छोट्या साठ्यात ठेवतो. पान परत घेतल्यावर ड्रायव्हरने हा साठा पुसलाच पाहिजे. फेरफार झाल्यावरही जुना उतारा हाती राहावा, तशी अन्यथा गत होते: जीपीयू जुन्या नोंदीच्या भरवशावर दुसऱ्याच्या पानात वाचतो, लिहितो. प्रस्तुत विषयातील ही सर्वांत गंभीर चूक होय. लिनक्समधील आय-९१५ या इंटेल जीपीयूंच्या ड्रायव्हरमध्ये नेमकी हीच उणीव आढळली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दुरुस्त करण्यात आली.