टॉक्सनेट बंद झालं त्यामागची गोष्ट: युनिव्हर्सिटी लायब्ररी आणि केमिकल सेफ्टीचे डेटाबेस

बऱ्याच युनिव्हर्सिटी लायब्ररींच्या वेबसाइटवर 'केमिकल सेफ्टी' म्हणून एक पान असतं आणि त्यावर टॉक्सनेटची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी मेडिकल लायब्ररीच्या विषारी रसायनांवरच्या डेटाबेसची, लिंक अजूनही दिसते. ते टॉक्सनेट 16 डिसेंबर 2019 पासून बंद आहे. लिंक कुणी काढली नाही, कारण त्या जागी नेमकं काय टाकायचं हेच बहुतेकांना कळलेलं नाही, आणि त्यात लायब्ररीवाल्यांचा फारसा दोष आहे असं मला वाटत नाही.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगतो. 1959 मध्ये जिनेव्हाला कामगारांच्या सुरक्षेवरचं साहित्य गोळा करणारं आंतरराष्ट्रीय केंद्र निघालं, त्याचं भारतातलं केंद्र मुंबईत सायनला होतं. अमेरिकेत 1970 च्या कायद्याने विषारी पदार्थांची यादी छापणं सरकारवर बंधनकारक केलं, 1971 ला पहिली यादी आली, त्यात साधारण 5,000 रसायनं होती. हीच यादी वाढत वाढत पुढे आरटेक्स या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्याकडे नंतर येतो.

खरं वळण आलं भोपाळमुळे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री जे झालं ते इथे परत सांगायला नको, पण एक गोष्ट माहितीच्या अंगाने बघा. हॉस्पिटलात माणसांची रीघ लागली होती आणि डॉक्टरांना नक्की कोणता वायू आहे, त्यावर उपचार काय, हे धड कुणी सांगत नव्हतं. त्यानंतर 1986 मध्ये अमेरिकेत कायदा झाला की कारखान्यांनी कोणतं विषारी रसायन किती सोडलं ते दरवर्षी सांगायचं, आणि ती माहिती नुसती फायलीत न ठेवता कॉम्प्युटरवर लोकांना बघता येईल अशी ठेवायची. ती ठेवायला जागा कुठली मिळाली तर सरकारी मेडिकल लायब्ररीचं टॉक्सनेट, 1989 मध्ये. म्हणजे ज्या डेटाबेसची लिंक आपण आपल्या पानावर टाकत होतो, त्याचा एक मोठा कप्पा भोपाळमधून आला होता, आणि ही गोष्ट आपल्याकडे लायब्ररी सायन्स शिकवताना कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडेही हालचाल झाली. 1987 मध्ये फॅक्टरी अॅक्टमध्ये दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना देणं मालकावर बंधनकारक झालं, आणि 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांत शेड्यूल 9 मध्ये रसायनाचे धोके सांगणाऱ्या शीटचा नमुनाच दिला. गंमत म्हणजे त्या नमुन्याचं नाव 'सेफ्टी डेटा शीट' असंच होतं, तरी आपण सगळे अमेरिकन सवयीने एमएसडीएस (मटेरियल सेफ्टी डेटा शीट) म्हणत राहिलो. मग 2012 मध्ये अमेरिकेनेच जागतिक पद्धतीप्रमाणे 16 भागांची शीट घेतली आणि नावातला एम काढून टाकला. लॅबमध्ये आजही एमएसडीएसच म्हणतात, त्यामुळे कॅटलॉगमध्ये दोन्ही शब्द टाकावे लागतात.

मी लायब्ररीत कामाला लागलो तो सीडी-रॉमचा काळ. एका डिस्कवर अमेरिका, ब्रिटन आणि जिनेव्हा या तिन्हीकडचे संदर्भ मिळायचे, ठरावीक महिन्यांनी नवीन डिस्क यायची आणि आमच्या करारात जुनी परत करायची अट होती. वर्गणी थांबली की कपाट रिकामं. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं, कारण पुस्तकाची वर्गणी संपली म्हणून कुणी पुस्तक परत मागत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टॉक्सनेट वेबवर फुकट झालं आणि आम्ही सुटलो. त्यातला एचएसडीबी (घातक पदार्थांची डेटा बँक) हा भाग सगळ्यात कामाचा, साधारण सहा हजार रसायनांचं एकेक पान, प्रत्येक वाक्याला संदर्भ आणि ते शास्त्रज्ञांच्या पॅनेलने तपासलेलं.

आता 2019 चा निर्णय. बंद करणाऱ्यांचं म्हणणं असं की माहिती कुठेही गेलेली नाही, एचएसडीबी पबकेम या अमेरिकेच्या फुकट रसायन-डेटाबेसमध्ये गेलं, टॉक्सलाइन या टॉक्सनेटच्या संदर्भसूचीमधले जर्नलचे लेख पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीमध्ये आहेतच, स्तनपान आणि औषधांचा भाग वेगळ्या पुस्तक-संग्रहात गेला, कारखान्यांचा डेटा ज्या खात्याचा होता त्याच्याकडे आहे, मग एकच गोष्ट दोन ठिकाणी कशाला सांभाळायची. यात तथ्य आहे, नाही असं नाही. जुनी सिस्टीम सांभाळायला पैसा लागतो आणि पबकेमचं सर्च खरंच चांगलं आहे.

पण माहिती असणं आणि माहिती सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्यंतरी एक पीएचडीचा मुलगा काउंटरवर आला, त्याच्याकडे सोडियम अझाइड हे विषारी रसायन घातलेलं बफर (लॅबमधलं एक द्रावण) उरलं होतं आणि ते सिंकमध्ये ओतलं तर चालेल का एवढंच त्याला हवं होतं. कंपनीच्या शीटमध्ये तेराव्या भागात लिहिलेलं, स्थानिक नियमांप्रमाणे विल्हेवाट लावा. बस्स. अझाइड शिशाच्या किंवा तांब्याच्या पाइपात साचत गेलं तर स्फोटक क्षार तयार होतात, प्लंबर पाइप उघडायला आला की त्याच्या हातात फुटू शकतं, ही गोष्ट टॉक्सनेटवर मी दोन क्लिकमध्ये दाखवली असती. पबकेमवर तीच माहिती आहे, पण तिथे पान खाली खाली सरकवत जावं लागतं, आणि तपासलेल्या एचएसडीबीच्या वाक्याशेजारी कंपन्यांनी स्वतःच कळवलेलं वर्गीकरण, युरोपातल्या नोंदी, अजून दहा ठिकाणचं काहीबाही एकाच अक्षरात दिसतं. सोर्सचं नाव बारीक असतं. ज्याला माहितीये तो बघतो, पहिल्या वर्षाच्या पोराला सगळं सारखंच. आणि टॉक्सलाइनमध्ये जर्नल सोडून जे सरकारी रिपोर्ट वगैरे होते त्यांना पबमेडमध्ये तशी जागाच नाही, कामाच्या ठिकाणच्या सेफ्टीचं निम्मं काम तर रिपोर्टांवरच चालतं.

त्याच दिवशी टॉक्सनेटबरोबर नकाशावर कारखान्यांचं प्रदूषण दाखवणारी साइटही बंद झाली, आणि भोपाळनंतर लोकांसाठी उघडलेल्या डेटाची ती सगळ्यात सोपी खिडकी होती. डेटा आहे, खिडकी नाही.

यापेक्षा जुना आणि माझ्या मते जास्त नुकसानीचा निर्णय 2001 चा. त्या यादीत, म्हणजे आरटेक्समध्ये, तोवर दीड लाखाहून जास्त रसायनं झाली होती, सगळी सरकारी खर्चाने गोळा केलेली, आणि डिसेंबर 2001 मध्ये ती सांभाळायचं काम एका खासगी सॉफ्टवेअर कंपनीला दिलं. तेव्हापासून ती वर्गणीवरच. पुढे कंपनीची मालकी बदलत गेली, आपल्या मध्यम युनिव्हर्सिटींना ती वर्गणी कधी परवडलीच नाही. 2025 पासून केंद्र सरकारचं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी मंजूर झाले, चांगलंच झालं, पण ती योजना जर्नल्सची आहे, सेफ्टी डेटाबेससाठी लायब्ररीला वेगळाच विचार करावा लागतो.

हे सगळं एवढं लावून धरायचं कारण सांगतो. ऑगस्ट 1996 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात एका अनुभवी प्राध्यापक बाईंच्या लॅटेक्स ग्लोव्हवर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे थेंब पडले, ग्लोव्ह होता म्हणून त्यांना काळजी वाटली नाही. जून 1997 मध्ये त्या गेल्या. नंतर टेस्ट केली तेव्हा कळलं की ते रसायन तसल्या ग्लोव्हमधून 15 सेकंदांच्या आत पार जातं. म्हणजे त्या निष्काळजी नव्हत्या, तेव्हा जे पुरेसं समजलं जायचं ते त्यांनी केलं होतं. अशी टेस्ट झाली की तिचा निकाल कुठेतरी लगेच नोंदला जायला हवा आणि ती नोंद पुढच्या माणसाला बाटली उघडायच्या आधी दिसायला हवी, आणि हे काम सांभाळणारं कुणीतरी जागेवर असावं लागतं.

आमच्या पानावर आता टॉक्सनेटच्या जागी चार लिंक आहेत: पबकेमचा लॅब सेफ्टीचा संक्षेप, त्यातच एचएसडीबीच्या भागावर थेट नेणारी दुसरी, जिनेव्हाची केमिकल सेफ्टी कार्ड्स आणि अमेरिकेच्या कामगार आरोग्य साहित्याचा फुकट सर्च. प्रत्येकीपुढे शेवटची उघडून बघितल्याची तारीख आहे. आणि त्या मुलाचं बफर लेबल लावून वेगळ्या कॅनमध्ये गेलं, सिंकमध्ये नाही.