उपकरप्राप्त चाळीची दुरुस्ती: मंडळाकडे अर्ज कसा करायचा

जिन्याखाली टेकू लागतो, गिलावा पडून गंजलेल्या सळ्या दिसू लागतात, तरी मुंबईतल्या कित्येक चाळींत ‘मालक लक्ष देत नाही’ एवढ्यावरच विषय संपतो. इमारत उपकरप्राप्त असेल, म्हणजे मालमत्ता कराबरोबर तिच्यासाठी दुरुस्ती उपकर भरला जात असेल, तर मालकाची वाट बघत बसू नका. म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ याच कामासाठी आहे आणि भाडेकरूंनाही तिथे अर्ज करता येतो.

शहर भागातल्या, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या, ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या जुन्या भाड्याच्या इमारती यात येतात. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात, नंतरच्या ‘क’ वर्गात. सरकारी आणि पालिकेच्या इमारती वगळल्या आहेत. शंका असेल तर मालमत्ता कराचे बिल पाहा, त्यात दुरुस्ती उपकर वेगळा दिसतो.

अर्ज आपल्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याच्या नावे, शक्यतो सगळ्या भाडेकरूंच्या सह्यांनिशी द्या. सोबत कराच्या बिलाची प्रत, भाडेपावत्या, वीजबिले, खोलीवार भाडेकरूंची यादी आणि फोटो. फोटोत नुसती भिंत नको. तुळईची भेग, कललेला खांब, सामायिक संडासाखालची गळती जवळून दिसू द्या. पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

खरी अडचण भाडेपावतीची. पावती आजोबांच्या नावावर, राहतो नातू, हे घरोघरी असते. नाव बदलून घ्यायचे राहिले असेल तर वारसाचे कागद आत्ताच जमवा, कारण घर रिकामे करायची वेळ आली की संक्रमण शिबिरातली, म्हणजे तात्पुरत्या घरांतली, जागा याच कागदांवर ठरते. रिकामे करण्याची नोटीस आणि शिबिराचे पत्र कायम जपा.

अभियंता पाहणी करून अंदाजपत्रक काढतो. तुळया, खांब, जिना, छत अशी संरचनात्मक कामेच होतात, खोलीतली रंगरंगोटी नाही. दर चौरस मीटरला खर्चाची मर्यादा आहे. खर्च त्यावर गेला तर वरची रक्कम रहिवाशांना भरावी लागते, नाहीतर प्रकरण पुनर्विकासाकडे वळते. त्यामुळे पहिली भेग दिसली की अर्ज करा. दुरुस्तीनंतर उपकराचा दर वाढतो, हेही बैठकीत सगळ्यांना आधी सांगा.

किरकोळ कामांसाठी भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १४ आहे. मालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन दुरुस्ती करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या खोलीच्या, नाममात्र भाड्यात तेवढ्याने एक नळही बदलून होत नाही.