नवले पुलाचा उतार: ‘ब्रेक फेल’ म्हणजे नेमकं काय?

पुण्याच्या दक्षिणेचा, कात्रजचा जुना बोगदा ब्रिटिशांच्या काळातला. चार महानगरं जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन महामार्ग योजनेत बाह्यवळण रस्ता झाला, नवा बोगदा आला आणि साताऱ्याकडून येणारी जड वाहतूक शहराच्या कडेनं सरळ खाली उतरू लागली. नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सात-आठ किलोमीटर उतारच उतार. तेव्हा आजूबाजूला शेतं होती. आता नऱ्हे, आंबेगाव, वडगाव अशी दाट वस्ती आहे आणि उतार मात्र तोच आहे.

इथल्या बहुतेक अपघातांनंतर पहिला शब्द येतो, ‘ब्रेक फेल’. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकमुळे ४८ गाड्यांचं नुकसान झालं, तेव्हाही सुरुवातीला हेच सांगितलं गेलं. पुढं तपासात वेगळंच आलं: चालकानं इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये उतारावर सोडली होती.

‘ब्रेक फेल’ आणि ‘न्यूट्रल’ यांचा संबंध नीट समजून घ्यायला हवा. जड गाडीचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद, तर टाकीत असेल तेवढीच हवा. पुन्हा पुन्हा पाय दाबला की ती उतरते. स्टिअरिंगही जड होतं. इंजिन चालू ठेवून नुसतं न्यूट्रल केलं तरी गिअरची ओढ जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, चाकांतले ब्रेक ड्रम तापतात, त्यांना घासून गाडी थांबवणारे लायनर धरेनासे होतात. शेवटी ब्रेक खरोखरच लागत नाहीत. म्हणजे ‘ब्रेक फेल’ खोटं नसतं, पण ते कारण नसून परिणाम असतो. गाडी खालच्या गिअरमध्ये असती तर ही वेळच आली नसती.

मग चालक असं का करतो? डिझेल वाचतं म्हणून. बऱ्याच ठिकाणी मालक खेपेचं डिझेल मोजून देतो, वाचेल ते चालकाचं. चूक त्याचीच आहे, यात शंका नाही. पण हिशेब ठरवणारा पंचनाम्यात कधीच नसतो.

देशपातळीवरही हाच घोळ होता. रस्ते अपघातांच्या २०१६ च्या केंद्रीय अहवालात ८४ टक्के अपघात ‘चालकाची चूक’ या रकान्यात घातले होते. पुढं नोंदीचा नमुना बदलला, अतिवेग, उलट दिशा, मोबाइल अशा नियमभंगांनुसार मांडणी होऊ लागली. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं १९८अ हे कलम आणलं आणि सदोष रस्ता बांधणाऱ्यालाही एक लाखापर्यंत दंडाची तरतूद झाली.

कोंडीची गोष्ट याच उताराला जोडलेली आहे. एक कंटेनर आडवा झाला की मागची रांग थेट बोगद्याकडे सरकते. मग दुचाक्या सेवा रस्त्यावर उलट्या घुसतात, त्यांच्यामागं रिक्षा, मोटारी. समोरून रुग्णवाहिका आली तर तिला मागंही जाता येत नाही आणि पुढंही. हे इथल्या रहिवाशांनी असंख्य वेळा पाहिलंय.

२०२२ नंतर रम्बलर (वेग कमी करायला लावणारे रस्त्यावरचे उंच पट्टे), फलक, वेगमर्यादा असे उपाय झाले. १३ नोव्हेंबर २०२५ ला याच उतारावर एक कंटेनर पुढच्या गाड्यांवर आदळला, आग लागली, दोन जड वाहनांच्या मध्ये एक मोटार चिरडली. आठ जण गेले. त्या संध्याकाळीही पहिली बातमी ‘ब्रेक फेल’ हीच होती.