आल्याच्या कुळातील सुगंधी तेले आणि सूक्ष्मजंतू : पार्श्वभूमी

आले, हळद, वेलदोडा आणि कुलंजन या वनस्पती एकाच कुळातील. त्यांचे कंद, बिया किंवा पाने वाफेवर ऊर्ध्वपातित केली की सुगंधी तेल मिळते. वाळलेल्या आल्यात ते साधारण १ ते ३ टक्के असते. हे तेल सूक्ष्मजंतूंना किती रोखते, याचे उत्तर मोजण्याच्या रीतीनुसार बदलत आले आहे.

जर्मन सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांनी १८८१ मध्ये काळपुळीच्या जिवाणूंच्या बीजाणूंवर टर्पेंटाइन तेलाचा प्रभाव तपासला आणि अशा तेलांची प्रयोगशाळेतील परीक्षा सुरू झाली. पुढे १९४० च्या दशकात पेनिसिलिन वापरात आल्यावर हा विषय मागे पडला. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढले, तेव्हा संशोधक पुन्हा त्याकडे वळले. दरम्यान १९५२ मध्ये गॅस क्रोमॅटोग्राफीचे, म्हणजे मिश्रणातील बाष्पशील घटक वेगळे करण्याचे तंत्र आले होते, आणि त्यामुळे प्रत्येक तेल हे अनेक घटकांचे मिश्रण असल्याचे तपशिलाने मांडता आले : आल्यात झिंजिबेरीन, हळदीत टर्मेरोन, वेलदोड्यात सिनिओल आणि टर्पिनाइल ॲसिटेट.

येथे एक गल्लत वारंवार होते. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या करक्युमिनची जिवाणूरोधक क्रिया १९४९ मध्येच प्रसिद्ध झाली होती, परंतु करक्युमिन किंवा आल्याचा तिखटपणा देणारे जिंजेरॉल वाफेबरोबर तेलात उतरत नाही. त्यामुळे द्रावकाने काढलेल्या अर्काचे निष्कर्ष तेलाच्या खात्यात मांडणे मला चुकीचे वाटते.

तेल पाण्यात मिसळत नाही, ही खरी अडचण. अगारवर, म्हणजे जंतू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर, तेलात भिजवलेली चकती ठेवली, तर जड घटक फारसे पसरत नाहीत आणि हलके उडून जातात, म्हणून तिच्याभोवतीच्या जंतुविरहित वर्तुळाच्या व्यासावरून दोन तेलांची तुलना करणे धोक्याचे ठरते. त्याऐवजी तेल पाण्यात मिसळवणारा पायसीकारक घालून, वाढ थांबवणारे किमान प्रमाण काढण्याची रीत रूढ होत गेली. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ५२ तेले आणि अर्क १० सूक्ष्मजंतूंवर याच मापाने तपासले. या तेलांतील टर्पीन वर्गातील घटक जिवाणूंच्या पेशीपटलात शिरून त्याची गळती घडवतात. ग्राम-ऋण जिवाणूंना (ग्राम रंगचाचणीत जांभळा रंग न धरणाऱ्या गटाला) एक जादा बाह्य पटल असते आणि ते या घटकांना अडवते, म्हणून हे जिवाणू सहसा अधिक चिवट ठरतात.

शिवाय ताज्या आल्याच्या तेलात लिंबासारखा वास देणारे सिट्रल अधिक असते आणि वाळवताना ते घटते. म्हणून तेलाची घटकवार नोंद नसेल, तर किमान प्रमाणाचा आकडा नेमका कोणत्या तेलाचा, हेच कळत नाही.